सात नंबरच्या डिशचा डाग

मॅडमनी संगणकावर दूरच्या एका दीर्घिकेचा नकाशा उघडला आणि आधी डावीकडचा डाग पुसला. बारा वर्षांची सवय. हात आपसूक तिकडेच जायचा. हा रेडिओ दुर्बिणीच्या सात नंबरच्या डिशचा दोष, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

त्या दीर्घिकेच्या पोटातून दोन झोत दोन दिशांना सुटतात, असं गणित सांगत होतं. उजवीकडचा आपल्याकडे येणारा, म्हणून ठळक. डावीकडचा दूर जाणारा, म्हणून अंधूक. त्याला शोधता शोधता मॅडमचे केस पिकले. आज प्रकल्प बंद व्हायचा होता. अहवालातलं शेवटचं वाक्य त्यांनी टाइप केलं: दुसरा झोत सापडला नाही. वाईट वाटून घ्यायलाही आता अंगात त्राण नव्हतं.

डिशांची देखभाल करणारे काका नोंदवहीवर सही घ्यायला आले. मॅडम दर वर्षी त्यांच्या हाती न पुसलेला नकाशा छापून द्यायच्या आणि दोष शोधायला सांगायच्या. बिचारे सात नंबरवर चढायचे, बोल्ट आवळायचे, खाली येऊन दोष नाही म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, पुन्हा बघा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काका जेवणाच्या सुट्टीत पुटपुटायचे आणि पुन्हा चढायचे.

मॅडमनी वही चाळली. ‘सात नंबर तपासली. दोष नाही. मॅडम म्हणतात, आहे.’ दर वर्षी तेच. त्यांना थकल्या थकल्या हसू आलं. मग प्रत्येक नोंदीपुढचा आकडा दिसला. दीर्घिकेच्या मधल्या ठिपक्यापासून डाग किती लांब, ते काकांनी फूटपट्टीने मोजलं होतं. पहिल्या वर्षी चार मिलिमीटर. मग साडेचार. पाच. यंदा साडेनऊ.

"हे कशाला मोजलंत, काका?"

"डिशचा दोष असता तर एका जागी राहिला असता, नाहीतर कुठेही भटकला असता. हा दर वर्षी तेवढाच पुढे जातो, मॅडम. सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, आधी डिश बघा."

उजवीकडच्या झोतातले ठिपके असेच बाहेर सरकताना मॅडमनी बारा वर्षं पाहिले होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली. मग अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं: दुसरा झोत बारा वर्षं दिसत होता. मी तो पुसत होते.