कप्तानाची मेहरबानी

"खूशखबर आहे, प्रायमस!" कप्तान लॅथ्रॉप जहाजाच्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला. "कायदा बदललाय. चार्ल्सटनला या खेपेस तुझा तुरुंग टळला. मी जामीन राहिलोय. जहाज सुटेपर्यंत इथंच खा, पी, झोप. खाली मात्र उतरायचं नाही."

प्रायमसच्या हातातला झारा थांबला.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या चार्ल्सटनचा न्यायच उफराटा. काळा माणूस गुलाम असला तर त्यानं मालकामागून खुशाल गावभर हिंडावं. पण जहाजावरचा मोकळा काळा खलाशी म्हणजे इथल्या गुलामांना बिघडवणारा. बंदर लागलं की तो तुरुंगात, जहाज सुटेपर्यंत. प्रायमसजवळ मोकळा असल्याचा बोस्टनचा कागद होता. तरी दर हिवाळ्यात तो हटकून याच बंदराचं जहाज धरी. खलाशी हसत, "सासुरवाडी आहे रे त्याची!"

सासुरवाडी कसली, ते त्याचं माहेर होतं. तुरुंगाच्या खिडकीखालून त्याची म्हातारी आई, बायना, मालकिणीच्या शेंगदाण्याच्या वड्या विकत जाई. गुलाम बाईला कैद्याशी बोलायची मुभा नव्हती. ती नुसती वर बघे. तो गजांतून हात बाहेर काढी. तेवढ्यावर त्याचं वर्ष निघे.

"मला तुरुंगातच पाठवा, कप्तानसाहेब."

"डोकं फिरलं का तुझं?"

"आई रोज वर बघत असेल. मी दिसलो नाही तर तिला वाटेल, बुडाला."

"निरोप धाडू की."

"निरोपाला तोंड असतं का, साहेब? तिला माझं तोंड बघायचंय. मलाही तिचं."

कप्तान वैतागला. "हे बघ, वारा मिळाला की मी निघणार. वेळेवर तुझ्या तुरुंगाचा खर्च भरून तुला सोडवता आलं नाही, तर हे लोक तुला गुलाम म्हणून लिलावात उभा करतील. मग मला हाका मारू नकोस."

"नाही मारणार," प्रायमस म्हणाला. लिलाव त्यानं लहानपणी पाहिला होता. पण आईची ओढ त्या भीतीला पुरून उरली. कमरेचा फडका सोडून तो फळीवरून खाली उतरला.

धक्क्यावरच्या शिपायानं दंडुका आडवा धरला.

"कुठं निघालास रे? गुलाम की मोकळा?"

"मोकळा," प्रायमस म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.