जुनी बगी

टँकरच्या चालकाने रिमोटवर चालणारी ती जुनी खेळण्यातली बगी हाताने चाचपून विकत घेतली. एकेक चाक हलवून पाहिलं, मागच्या आसाला अंगठा लावला, मोटर सुरू करून बगी कानाशी धरली.

"गिअर घासतोय," तो म्हणाला.

"ओळखलंत," विकणारा खेळणीवाला हसला. "मोठ्या गाडीवर आहात वाटतं?"

"होतो. एकतीस वर्षं."

त्याची नजर मधोमध विझत चालली होती. कडेचं थोडंफार दिसायचं. तेही वर्षभरात जाईल, असं डॉक्टरांनी त्याच्यादेखत सांगितलं होतं. दुकानातून निघताना बायकोने त्याचा दंड धरला आणि पायरी आली तसा हळूच दाबला.

घरी टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्याने बगी खोलली. दोन दातेरी चाकांमध्ये कागदाची चिटोरी घालून अंतर साधलं. शॉकअपमधलं चिकट तेल काढून नवं भरलं. एक स्क्रू खाली घरंगळला, तर बायको वाकायच्या आत त्यानेच फरशीवर हात फिरवून तो शोधला. किती महिन्यांनी तो शीळ घालत होता.

"अगं, पुढची चाकं सरळ आहेत का बघ."

"जराशी डावीकडे आहेत."

त्याने रिमोटवरचं बटण दोनदा दाबलं. "आता?"

"आता अगदी नाकासमोर."

संध्याकाळी ते वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानात गेले. तो पाय फाकवून, रिमोट छातीशी धरून उभा राहिला. बगी निघाली. चार-पाच पावलांपर्यंत डोळ्याच्या कोपऱ्यात लाल डाग हलला, मग तोही दिसेनासा झाला.

"उजवीकडे घ्या," बायको सांगत होती. "अजून थोडं. बस, आता सरळ."

"पुढे दगडबिगड?"

"काही नाही. रान मोकळं आहे."

त्याने वेग वाढवला. बगी मातीच्या उंचवट्यावर चढली, हवेत उडाली आणि पलटी खाऊन उताणी पडली. चाकं गरगर फिरत राहिली.

बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो गालात हसत होता.

"कुठवर गेली?"

"पार भिंतीपर्यंत," ती म्हणाली. "सुसाट पळतेय."

मोटरचा आवाज पातळ आणि चढा झाला होता. चाकांखाली जमीन नसली की होतो तसा. तो मान कलती करून क्षणभर ऐकत राहिला. हसू ओठांवरून गेलं, मग त्याने ते परत आणलं.

"बरं," तो म्हणाला. "आता वळवून आणतो."

त्याने रिमोटचं चाक अलगद फिरवलं. पंधरा पावलांवर, मातीत उताण्या पडलेल्या बगीची पुढची दोन चाकं हवेतल्या हवेत वळली.