शेजारचा हात

“आबा आजारी आहेत. आजारी माणसाला असं सगळ्यांदेखत खाली खेचायचं?” एका सदस्याचा आवाज चढला.

“राजीनामा तीनदा मागितला. देतो म्हणतात आणि विसरतात,” दुसरा म्हणाला. “दवाखान्यात सापावरचं इंजेक्शन नव्हतं म्हणून दोन बायका गेल्या. त्याच्या खरेदीची फाइल यांच्या गादीखाली सापडली!”

जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आबा शांतपणे चष्मा पुसत होते. शेजारी बसलेल्या उपाध्यक्ष सर्जेरावांना मात्र मान वर करवत नव्हती. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. वर्षभरापूर्वी आबांना कामकाज उमगेनासं झालं, तेव्हा सर्जेरावांनीच त्यांना युक्ती शिकवली होती. मी हात वर केला की तूही कर, कुणाला पत्ता लागायचा नाही.

“अविश्वास ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा,” सभा चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुकारलं.

मोजणी झाली. दोन हात कमी पडत होते.

सर्जेरावांना त्या दोन बायका आठवल्या. त्यांनी डोळे मिटून हात वर केला.

शेजारची खुर्ची करकरली. आबांचाही हात वर गेला होता.

“बरोबर ना रे, सर्जा?” त्यांनी हळूच विचारलं.