अनोळखी उपकरण

"माझ्यापायी पुण्याची नोकरी सोडलीस," नाना चहा पिताना पुटपुटले. "निवेल तो, प्या," एवढंच त्यांची लेक शलाका म्हणाली. त्या रात्री नाना झोपेतच गेले. रिवाजाप्रमाणे त्यांचा यांत्रिक कान एका गरजू बाईंना बसवला गेला.

वर्षश्राद्धाला त्याच बाई, जयाक्का, जेवायला आल्या. त्या टेकल्या तोच शलाकाच्या फोनवर आलं : 'घरच्या नेटवर्कवर अनोळखी उपकरण. काढायचं?' उपकरणांच्या यादीतून नानांचं नाव तिनेच पुसलं होतं. कान मात्र घराचा पासवर्ड विसरला नव्हता.

"कानात टिंग वाजलं गं," जयाक्का हसल्या. "घर ओळखलंन वाटतं. बोल की, ऐकतोय तो."

शलाकाने फोन तसाच पालथा ठेवला.

"नाना," ती म्हणाली, "मला पुण्यात तुमच्याशिवाय करमत नव्हतं."