कवठसरचा रस्ता

"यंदा काहीही सांगा गुरुजी, बाबा ऐकायचे नाहीत," नीरजा म्हणाली. "कवठसरचा रस्ता द्या."

वेणीमाधव गुरुजींनी पान डाव्या गालातून उजव्या गालात सरकवलं. कवठसरकरांचे तीर्थोपाध्ये ते, आजोबांपासून. काशीच्या राजा घाटावरच्या गल्लीत त्यांची बैठक, आणि बैठकीच्या उंबऱ्यात आज खुर्चीत बसवून आणलेले नीरजाचे वडील, शिवराम कवठसरकर. वय ब्याऐंशी. पुढच्या महिन्यात हृदयाचं ऑपरेशन, आणि त्याआधी एकदा गावच्या मातीत उभं राहायचं, असा हट्ट.

"पूल वाहून गेलाय ना तिकडचा," गुरुजी म्हणाले.

"तो गेल्या वर्षी. त्याआधी साथ होती. त्याच्याही आधी निवडणूक." नीरजा बोटांवर मोजत होती. "रेल्वेत नोकरी करते मी. देशातलं एकेक स्टेशन धुंडाळलं. कवठसर नाही."

"स्टेशन नसेल, बेटी. गाव आहे."

गाव होतं, यात कुणाला शंका नव्हती. काशीत कवठसरकरांची तेरा घरं. सगळ्यांचं गोत्र काश्यप, म्हणून आपसात सोयरीक नाही. दर चैत्री पौर्णिमेला ही मंडळी गावची जत्रा घाटावर भरवत आणि गावाइतक्याच जोमाने भांडत.

नीरजाने गावचा इतिहास लिहायला घेतला तो त्याच भांडणापायी. शरदिनीताईंच्या घरी सांगत, गावात रात्री समुद्राची गाज ऐकू येते. यज्ञेशच्या घरी सांगत, काळी जमीन, आणि उन्हाळ्यात बैलांना पाण्यासाठी दोन कोस न्यावं लागतं. कुणाचा ग्रामदेव खंडोबा, कुणाचा रवळनाथ. मागच्या जत्रेत यज्ञेशने पुरणपोळीवर तूप मागितलं, तर शरदिनीताईंनी त्याच्या पुढ्यातली पोळीच उचलली.

"आमच्या गावात नारळाच्या दुधाशी खातात! तू कुठला रे उपरा?"

"कौनसा समुंदर, काकी? आमच्याकडे धड ओढा नाही!"

त्याच यज्ञेशची आई पुढे आजारी पडली, तेव्हा दीड महिना डबा शरदिनीताईंच्या घरून गेला. त्यात पोळीबरोबर तूपही असे.

निवाडा गुरुजींकडे आला की ते डोळे मिटून सांगत, "समुद्र होता. पेशवाईत मागे सरकला. एक म्हातारी त्याला रोज शिव्या द्यायची, कंटाळून गेला बिचारा." दोन्ही पक्ष समाधानाने घरी जात.

आज मात्र समुद्र सरकवून भागणार नव्हतं.

"वेण्या," शिवराम हळूच म्हणाले. ऐंशीच्या घरातल्या गुरुजींना अशी हाक मारणारा काशीत एवढाच माणूस उरला होता. "आपण दोघांनी मिळून पेरू चोरलेत. माझ्याशी तरी खरं बोल. धरणाखाली गेलं ना गाव?"

गुरुजी पानाचा डबा उगीच पुसू लागले.

"गेलं असेल तर तसं सांग. मी पाण्याच्या काठाशी उभा राहीन. पोहायला सांगत नाही कुणी मला."

नीरजाला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. बाबा खरंच विचारत होते.

"धरण नाही, शिवा," गुरुजी म्हणाले.

"मग रस्ता सांग. डॉक्टर म्हणतो, टेबलावरून उठेन याचा भरवसा नाही. आजोबा या गावाचं नाव घेत गेले, वडीलही गेले. मी बघून जाणार."

गुरुजी उठले. पान थुंकून, चूळ भरून आत गेले. बराच वेळ आतून फडताळ उघडल्याचे, काहीबाही सरकवल्याचे आवाज आले. मग ते एक जुनी वही घेऊन बाहेर आले आणि नीरजाच्या मांडीवर ठेवून तिच्याजवळच खाली बसले.

"पहिलं पान. माझ्या आजोबांचं अक्षर आहे. मला मोठ्याने वाचवत नाही, तू वाच. त्याला ऐकू येईल असं."

शाई तपकिरी पडली होती, पण अक्षर स्वच्छ होतं. नीरजा वाचू लागली.

"शके अठराशे बावीस, चैत्री पौर्णिमा. दुष्काळात व प्लेगात आईबाप गेलेली तेरा पोरे आज घाटावर मिळाली. कोणी देशावरचे, कोणी कोकणचे. गावाचे नाव एकालाही सांगता येईना. ज्यास जे आठवले ते त्याने सांगितले. एकमेकांचे हात सोडीनात. सबब कवठसर नाव योजून सर्वांस मिळून एक गाव दिले."