माळाचा वाटा

टेम्पो आला की गाय जाणार, हे ठरलेलं होतं. तरी हौसाबाई सुदेशला हाताला धरून माळावर घेऊन आली.

“अगं आई, टेम्पोवाल्याला दहाला बोलावलंय मी. इथे काय बघायचंय?”

“गवत बघ.”

मोहने गावामागचा तो माळ पोटरीएवढा हिरवा झाला होता. मानपाड्याच्या फ्लॅटमधून येणाऱ्या सुदेशने आजवर तिथे खडी आणि टाकळ्याचं तणच पाहिलं होतं. हौसाबाईने काठीने शेणाचा एक पो उलटला. वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक होता. आतलं सगळं शेणकिड्यांनी जमिनीत नेलं होतं आणि खालची माती चहाच्या चोथ्यासारखी काळी, मोकळी झाली होती.

“बाबा हेच सांगायचे,” सुदेश म्हणाला.

सांगायचा म्हणजे काय, पंढरीने डोकं उठवलं होतं. गोठ्यातलं शेण तुझ्या गोवऱ्यांना, माळावरचं माळाला. दोन पावसाळे दे, तांबूला विकतचा पेंढा लागणार नाही. चांगलं शेण उघड्यावर वाया घालवणं हौसाबाईला पटलं नव्हतं, पण तिने मान डोलावली. मग रोज सकाळी तो माळावर जायचा आणि पोरासारखा नाचत यायचा. “हौसे, कालचे पो गायब! किड्यांनी रातोरात नेले!” किडे एवढे कामाचे, तर गवत का येईना, हे काही त्याला उमगलं नाही. दोन पावसाळे सरले, माळ टकलाच राहिला. लोकांनी थट्टा केली, ती त्याने हसून घेतली. जायच्या आदल्या दिवशी मात्र तिचा हात धरून म्हणाला, “तुझंच बरोबर गं. माळ मेलाय. माझ्यामागे गाय ठेवू नकोस.”

त्याला वर्ष झालं. तेव्हापासून माळावरचं शेण माळावरच राहत होतं. घरात बोलायला आता तांबूच उरली होती. तीही गेली की दिवसभर तोंड उघडायला काही कारणच राहणार नव्हतं.

“बाबांचाच शब्द आहे, आई. दोन वर्षं मरमर केली त्यांनी, काय उगवलं? हे या पावसाचं कौतुक. पुढच्या वर्षी परत टक्कल. मग तू एकटी पेंढ्यामागे कुठे धावणार?”

त्याचा फोन वाजला. टेम्पो फाट्यावर आला होता.

गाय राखायची तर एकच गोष्ट सांगायची बाकी होती. ज्याला सांगायला हवी होती तो ती न ऐकताच गेला. हौसाबाईने पदराने तोंड पुसलं. पोराकडे तिला बघवेना.

“त्या दोन वर्षांत किड्यांना काय मिळालंच नाय, सुदेश. तुझे बाबा उठायच्या आधी मी पाटी भरून घरी नेत होते.”