खोडलेला विषय

हेमावतीनं कॉलेजच्या फॉर्मवर मानसशास्त्र लिहिलेलं पाहून अप्पांनी कपाळाला हात लावला.

"हा विषय घेतलास, की अख्खं अण्णा नगर विचारेल, घरात कोण वेडं आहे म्हणून. उद्या तुला स्थळं कशी यायची?"

हेमावतीनं ते खोडलं आणि कायदा लिहिला. अप्पांचा जीव भांड्यात पडला. जानव्याला बांधलेली किल्ली सोडून त्यांनी तिच्या हातात दिली आणि मागच्या खोलीतल्या आत्याला रसमभात देऊन यायला सांगितलं.

"पण कायदाच का सुचला गं तुला?" त्यांनी सहज विचारलं.

हेमावती ताट घेऊन दारातच थांबली.

"माणसाला घरात किती वर्षं कोंडून ठेवता येतं, ते बघायचंय, अप्पा."